आवक

वहीचं पहिलं पान उंदरांनी खाल्लंय,
म्हणून आमचा इतिहास दुसऱ्या पानापासून.

सुपडूअप्पा चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय.
अंगाला फिनेलचा वास, खिशात सलाईनच्या नळ्या.
आधीची दोन भावंडं राहिली नाहीत
म्हणून याला जन्मल्याबरोबर सुपात घालून
उकिरड्यावर ठेवलं
आणि सव्वा रुपयात परत विकत घेतलं.
वॉर्डात कुणी दगावलं की अप्पा म्हणायचे,
माझा सव्वा रुपया अजून फिटायचाय.

केवळबाई अडावदची.
लग्नात तिच्या ट्रंकेत दोन लुगडी, आरसा
आणि बापाचा डोळे भरायचा चाकू,
मूठ सुताने बांधलेली.
माहेरून चाकू आणतं का कुणी, सासू म्हणाली.
ती परसात जंबेरीचा खुंट शोधत राहिली.

नर्सरी हा शब्द फार नंतर आला.
आधी दुधाच्या पिशव्या आल्या,
स्टँडवरच्या हॉटेलातून मागून आणलेल्या,
धुतलेल्या, तळाला खिळ्याने तीन भोकं.
डांबर चपलेला चिकटतं त्या मे महिन्यात
गोणपाटाच्या सावलीला
लिंबाच्या चाळीस रोपांना सलाईन लावलेलं.
थेंब.
थेंब.
आणि केवळबाई एकेकाशी वाकून
नळीची चक्री कमीजास्त करणारी, सिस्टरसारखी.
लोक हसले.
हसणाऱ्यांनीच पुढे रोपं नेली, उधारीवर.

तिला अक्षर नव्हतं.
अप्पा नाव लिहायचे, नग, तारीख.
ती पुढे खूण करायची:
जगलं तर गोल, गेलं तर टिंब.
टिंबांची सबंध पानं आहेत.
गारा पडल्या त्या फाल्गुनात मात्र
तिने पानभर टिंबं दिली नाहीत,
एकच दिलं,
इतकं दाबून की मागच्या तीन पानांवर उमटलंय.

पान चौदा, जुलै त्र्याऐंशी, आवक:
जंबेरी खुंट दोनशे
सीताफळ साठ
शेणखत एक गाडी
लासूरहून मुलगी एक

ती मी.
केवळबाईच्या बहिणीची चौथी.
अप्पांनी सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलं,
मांडीवर सीताफळाची दोन रोपं दिली,
पाडू नको, एवढंच बोलले सगळ्या वाटेत.
माझ्यापुढची जागा तिने कोरी ठेवली.
मी दहावी झाले. चाकू हातात आला.
दोन ठिकाणचे बघून गेले, नाही म्हणाले.
जागा कोरीच.
एकदा विचारलं, तर म्हणाली,
"आजून ठरनं नई."

आता रस्ता चौपदरी होतोय.
मोजणीवाल्याने रकान्यात लिहिलं: झाड, लिंबू, एक.
आणि हे एवढं?
मी पिशव्यांवरून हात फिरवला.
रोपं हलवता येतात ताई, भरपाई बसत नाही.
अप्पा असते तर सव्वा रुपयाचं काहीतरी बोलले असते.

केवळबाईला दिसत नाही फारसं.
आदल्या रात्री मला लिंबाखाली बॅटरी धरायला लावली,
मग म्हणाली, बंद कर, उजेड मधमा येस.
अंधारात नुसत्या अंगठ्याने चाचपत
तिने चाळीस डोळे काढले.
ओलं फडकं, डालड्याचा डबा.

सकाळी जेसीबीला अकरा मिनिटं लागली.
ती तेव्हा ट्रॉलीत पाठमोरी बसून
कळण्याची भाकर खात होती,
मिरची कमी पडली म्हणून कुरकुरत.

नव्या जागेत एकोणचाळीस लागले.
वही तिच्या मांडीवर ठेवली.
एकोणचाळीस गोल काढले तिने,
हात कापत होता, काही एकमेकांत घुसलेत.
मग बोटाने पानं चाचपत मागे मागे गेली,
चौदापाशी थांबली
की नुसतीच दमली,
मला कळलं नाही.
पेन अजून तिच्याकडेच आहे.